कच्ची कंबर

वणीत कोणाची कंबर धरली, की डॉक्टरच्या आधी लोक सुचित्रा मोहरीलचं नाव घेत. कोळशाचे ट्रक चालवून पाठीचा खुळखुळा झालेले ड्रायव्हर, बाळंतपणानंतर वाकता न येणाऱ्या बाया, कचेरीत खुर्चीला चिकटलेले बाबू, सगळे तिच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन सतरंजीवर पालथे पडत. ती कोणाची पाठ चोळत नसे. नुसतं चालायला, वाकायला लावी आणि बघत राही. मग म्हणे, "दुखतं कमरेत, पण खोट मांडीमागच्या शिरांत आहे. त्या दोरखंडासारख्या आखडल्या आहेत आणि त्यांच्यात जोरही नाही. त्यांचं काम कंबर करते, म्हणून कंबर बोंबलते." तिचं निदान सहसा चुकत नसे, हे तिचे वैरीही कबूल करत.

हे ज्ञान तिला फुकट मिळालं नव्हतं. तिचे वडील तहसील कचेरीत रेकॉर्ड कीपर होते, काका पोस्टात, आजोबा शिरस्तेदार. त्या घरातली मुलगी लोखंड उचलते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तरी ती हटली नाही. सत्त्याण्णव साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तिने जमिनीवरून एकशे साडेबेचाळीस किलोचा बार उचलून मांडीपर्यंत आणला, सरळ उभी राहिली. यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही बाईने उचललेलं ते सगळ्यांत मोठं वजन होतं. संघटनेच्या कार्यालयातल्या फळ्यावर तिचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलं गेलं.

पुढच्याच वर्षी नागपूरला तिने दीडशेला हात घातला. तिला शिकवणाऱ्या सरांना फक्त आकडे वाढवणं ठाऊक होतं. पाया कोणी भरलाच नव्हता. बार गुडघ्यापर्यंत आला, तिची पाठ कमानीसारखी वळली, आणि आत काहीतरी ओली फांदी पिळावी तसं पिळलं गेलं. चार महिने ती गादीवर होती. त्यानंतर तिने लोखंड उचललं नाही. कंबर थंडीत अजून ठणके. लग्न झालं बँकेतल्या नंदकिशोरशी, जो स्वभावाने इतका मऊ होता की घरात त्याचा आवाज भांड्यांच्या आवाजातही ऐकू येत नसे. मूलबाळ झालं नाही. एका कॉलेजात खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी लागली, मागे शेड उभी राहिली, पोरी शिकायला येऊ लागल्या. वीस वर्षांत बऱ्याच आल्या आणि गेल्या. एकशे दहाच्या पुढे कोणी सरकली नाही. सुचित्रा त्यांना मनापासून शिकवी.

संगीता राठोड तिला दिसली दोन हजार अठराच्या जुलैत, वणीच्या बसस्टँडवर. मारेगावच्या गाडीमागे ती उभी होती, पायाशी खताचं पन्नास किलोचं पोतं. कंडक्टर म्हणाला, "हे कोन चढवन आता? मी नाई हात लावत." मुलगी पुढे झाली. पाय फाकवून उभी राहिली, ढुंगण मागे नेलं, पाठ फळीसारखी सरळ ठेवून खाली वाकली, पोत्याला मिठी घातली आणि एका दमात खांद्यावर घेऊन डिकीत ढकललं. श्वासही वर-खाली झाला नाही.

सुचित्राला आनंद व्हायला हवा होता. तिला झालं ते वेगळंच. आपल्या कपाटातली साडी न विचारता कोणीतरी नेसून रस्त्यावर हिंडतंय, असं काहीतरी. तरी ती पुढे गेली.

"कुठे शिकलीस हे?"

"काय मॅडम?"

"हे वाकणं."

"कोनी नाई शिकोलं. याडी असंच उचलते." मग तिने स्वतःच सांगितलं, "याडी म्हंजे माय. आमच्या तांड्यात तसंच म्हन्तेत."

ती सुचित्राच्याच कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. एकोणीस वर्षांची, अठ्ठावन्न किलोची, मारेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. सुचित्रा म्हणाली, "तुमच्या लोकांत ते असतंच म्हणा. पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर गोण्या लादल्यात तुम्ही. सोमवारपासून माझ्याकडे ये."

संगीताने ती स्तुती समजून मान खाली घातली.

सुचित्राने पहिल्याच दिवशी नियम सांगितले. शेडमध्ये मोबाईल आणायचा नाही. उलट बोलायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत बारला हात लावायचा नाही. "मला कोणी थांबवलं असतं तर मी आज अशी नसते," ती म्हणाली, आणि हे ती अगदी खरं बोलत होती.

मग काठी. झाडूच्या दांड्याएवढी काठी पाठीवर उभी धरायची. डोकं, दोन खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली पाहिजे. तशीच काठी धरून कमरेतून नाही, खुब्यांतून वाकायचं. "मागे दार उघडं आहे, हात मोकळे नाहीत, ढुंगणाने लोटून लाव," सुचित्रा सांगे. दार लोटता लोटता मांडीमागची शीर ताणून तारेसारखी वाजू लागली की तिथे थांबायचं, तीन मोजायचं, वर यायचं. दिवसाला दोनशे वेळा. काठी एका जागी जरी सुटली तरी मोजणी पहिल्यापासून.

त्यानंतर बाक. सुताराकडून करवून घेतलेल्या उंच बाकावर पालथं पडायचं, टाचा पट्ट्यात अडकवायच्या, कमरेपासूनचं अंग खाली लोंबकळू द्यायचं आणि पाठीच्या जोरावर वर उचलायचं. मग गुडघ्यांवर उभं राहायचं, सुचित्रा मागून घोटे दाबून धरी, आणि संगीताने तोडलेल्या झाडासारखं पुढे पडायचं, पण सावकाश, फक्त मांडीमागच्या स्नायूंनी स्वतःला रोखत. पहिल्या आठवड्यात ती दर वेळी तोंडावर आपटली. ओठ फुटला. सुचित्रा म्हणाली, "ओठाने नाही उचलायचं. पुन्हा."

बसमध्ये तिला बसता येईना, संडासात तर भिंत धरल्याशिवाय उठताच येत नसे. पण ती एक दिवस चुकली नाही. व्यायाम झाला की सुचित्रा तिला घरातली कामं सांगे. विहिरीवरून दोन्ही हातांत पाण्याचे कॅन आणायचे, धान्याच्या कोठ्या हलवायच्या, पावसाळ्याआधी सारी लाकडं माळ्यावर चढवायची. "हाही व्यायामच आहे," ती म्हणे. नंदकिशोर तेवढ्यात तिच्या हातावर भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवी. "खा गं पोरी." एकदा सुचित्राने ते पाहिलं. "खाऊ द्या, खाऊ द्या. घरी काय मिळत असेल तिला," ती संगीतासमोरच म्हणाली. संगीताची मूठ तशीच राहिली. मग तिने ते शेंगदाणे चावून खाल्ले, कारण भूक लागली होती.

आठ महिन्यांनी, मार्चमधल्या एका सकाळी, सुचित्राने बार जमिनीवर ठेवला आणि वजनं चढवली. साठ झाले, ऐंशी झाले, शंभर झाले. संगीता प्रत्येक वेळी दार लोटावं तशी मागे जाई आणि उभी राही. सुचित्राने एकशे वीस लावले. तिला वाटलं होतं, आता अडेल.

संगीताने तो बार एकदा उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. पाच वेळा. पाचव्या वेळी तिची पाठ पहिल्या वेळी होती तशीच होती, काठी ठेवली असती तर तिन्ही ठिकाणी टेकली असती.

लोखंडात आयुष्य गेलेल्या माणसाला हिशोब करावा लागत नाही. एकशे वीस पाच वेळा, म्हणजे एकशे चाळीस एकदा. आजच. आठ महिन्यांत. दिवाळीपर्यंत एकशे पन्नास. सुचित्राच्या कमरेत त्या क्षणी कळ आली, आणि ती कळ खरी होती.

"कसं झालं मॅडम?" संगीताने विचारलं. तिचा चेहरा फुलला होता.

"कंबर गोल झाली," सुचित्रा म्हणाली.

शेडच्या दारात नंदकिशोर चहा घेऊन उभा होता. पुतण्याने दिलेला नवा मोबाईल त्याच्या हातात होता. त्यातून शूटिंग कसं करतात ते तो संगीताच्या उचलण्यावर करून बघून राहिला होता. तो पटकन म्हणाला, "सरळ तर होती की. मी पाहिलं ना."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? चहा ठेवा आणि जा."

तो गेला. संगीता त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहत राहिली, मग मॅडमकडे. माणसाला स्वतःचं सगळं दिसतं, पाठ दिसत नाही. ती दुसऱ्यानेच सांगावी लागते. आणि जिने मांडीमागची एकेक शीर नाव घेऊन जागी केली, ती खोटं कशाला सांगेल?

"मले तर सरळ वाटली मॅडम."

"वाटणारच. मलाही नागपूरला वाटली होती. कच्ची आहे अजून. बार बंद. काठी घे."

संगीताने काठी घेतली.

दुपारी नंदकिशोरने जेवताना विषय काढला. "काहून असं करून राहिली तू? पोरगी चांगली उचलते."

सुचित्राने त्याच्या ताटात पोळी टाकली. "माझी मोडली तेव्हा तुम्ही होता का तिथे?"

"नव्हतो."

"मग जेवा."

त्याने मोबाईलमधला तो व्हिडिओ तीनदा पाहिला होता. पाठीवर पट्टी ठेवून रेघ मारावी इतकी सरळ पाठ. तो संगीताला दाखवावा असं त्याच्या मनात दहादा आलं. दहाही वेळा त्याने मोबाईल खिशात टाकला. घरात शांतता राहावी यापलीकडे त्याने आयुष्यात कशाचा हट्ट धरला नव्हता.

त्या वर्षीच्या जिल्हा स्पर्धेला सुचित्राने संगीताचं नाव पाठवलं नाही. "कच्ची आहे." पुढे कोरोना आला, कॉलेज बंद, शेड बंद. संगीता तांड्यावर गेली. तिने बाभळीची काठी तासून घेतली, मातीने भरलेलं पोतं घेतलं आणि घरामागच्या बोळीत दोन वर्षं मॅडमनी सांगितलेलं तेच ते करत राहिली. तांड्यातल्या बाया हसायच्या. तिचा बाप धावजी म्हणायचा, "हे पोतं कोठं पोचवाचं हाय का तुले?" ती आठवड्यातून एकदा मॅडमना फोन करी. "मॅडम, आता काठी कधीच नाई सुटत." पलीकडून उत्तर येई, "तुला नाही कळणार. मी बघितल्यावर सांगेन."

एकवीसच्या डिसेंबरात शेवटी सुचित्राने तिला जिल्हा स्पर्धेला नेलं. न नेऊन चालणार नव्हतं. लोक विचारू लागले होते. किती वजन मागायचं ते मास्तर टेबलावर चिठ्ठीने कळवतो. सुचित्राने पहिली चिठ्ठी शंभरची दिली, दुसरी एकशे दहाची, तिसरी एकशे पंधराची. संगीताने तिन्ही वेळा बार असा उचलला की पंचांपैकी एकाने शेजाऱ्याकडे वळून भुवया उंचावल्या. पुसदची एक मुलगी एकशे वीस उचलून पहिली आली. तिची पाठ पार वाकली होती, पण तिने उचललं.

"मॅडम, मी एकशे तीस उचललं असतं," परतीच्या बसमध्ये संगीता म्हणाली. तीन वर्षांत ती पहिल्यांदा असं बोलली.

"आणि आज दवाखान्यात असतीस. तिसऱ्या वेळी कंबर कशी गेली ते मी पाहिलं."

संगीता खिडकीकडे वळली. राज्य स्पर्धेत पदक असतं तर खेळाडूंसाठी राखीव जागेवर सरकारी भरतीत नाव लागण्याची आशा होती. पहिलं आल्याशिवाय राज्याला जाता येत नव्हतं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

मार्चमध्ये जमनाबाई, संगीताची आई, वणीला आली. तिने शेडच्या बाहेर चपला काढल्या आणि आत न येता उंबऱ्याशीच बसली. संगीता शेजारी उभी राहिली. जमनाबाईच्या हातांवर गोंदण होतं, आणि खांदे कुठल्याही लिफ्टरला शोभावेत असे होते.

"बाई, मी आडानी हाय. मले खेळातलं नाई समजत," ती म्हणाली. "कळंबकडचं एक स्थळ आलंय. पोरगा चांगला हाय, सुनील नाव हाय, ट्रॅक्टर चालोते. तिचा बाप म्हन्ते देऊन टाकू. ही म्हन्ते, मॅडमले इचार. म्हून आली. तुमी सांगा, पोरीत दम हाय का नाई? असंन तर मी तिच्या बापासंग भांडतो. दोन साल थांबोतो. नसंन तर तसं सांगा."

नंदकिशोर ओसरीवर पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला.

सुचित्राला नंतर पुष्कळदा आठवलं की त्या वेळी तिच्याजवळ वेळ होता. जमनाबाई घाई करत नव्हती. उन्हात कुठेतरी भोंगा वाजत होता. ती 'हो' म्हणाली असती तर जगात कोणाचंच काही बिघडलं नसतं. फळ्यावरचं एक नाव पुसलं गेलं असतं, एवढंच, आणि त्या फळ्याकडे तसंही कोणी पाहत नव्हतं.

"मेहनती आहे," ती म्हणाली. "पण कमरेत ते नाही. चार वर्षं पाहिलं मी. लग्न करून टाका."

जमनाबाईने मान हलवली. तिला राग आला नाही; उलट खरं सांगितल्याबद्दल तिने हात जोडले. संगीता मात्र हलली नाही.

"मॅडम, एकच सांगा मले. माही कंबर खरंच गोल होते?"

"होते."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मी येतो मग," संगीता म्हणाली. त्यांच्याकडे मुलीसुद्धा असंच बोलतात. ती वाकली, मॅडमच्या पाया पडली, आईच्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या, आणि दोघी बसस्टँडकडे गेल्या.

मे महिन्यात लग्न झालं. पुढच्या वर्षी जूनमध्ये मुलगा झाला. सुचित्राला ही बातमी कॉलेजातल्या कोणाकडून तरी कळली. तिने कोणाला काही विचारलं नाही. शेडमध्ये आता मिताली आणि आणखी तीन मुली येत होत्या; मुली बऱ्या होत्या, कोणीही शंभराच्या वर जाईल असं वाटत नव्हतं. सुचित्रा त्यांना मनापासून शिकवत होती.

नंदकिशोर निवृत्त झाला आणि त्याला रिकामपण खाऊ लागलं. दोन हजार चोवीसच्या फेब्रुवारीत, चतुर्थीला, तो कळंबच्या चिंतामणीला जातो म्हणून निघाला. दर्शन घेतलं. मग विचारत विचारत चार किलोमीटर चालून सुनीलच्या तांड्यावर गेला. संगीता अंगणात तूर पाखडत होती. तिने त्याला खाट टाकून दिली, पाणी दिलं. त्याने पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि मोबाईल काढला.

"हे तुझं आहे," तो म्हणाला. "पाच वर्षं झाली. मी तेव्हाच द्यायला पाहिजे होतं."

संगीताने पाहिलं. पत्र्याची शेड, बार, आणि बाजूने दिसणारी एक मुलगी. ती मुलगी वाकली, उठली, वाकली, उठली. पाच वेळा. संगीताने आपली पाठ आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मग मॅडमचा आवाज आला, "कंबर गोल झाली." तिने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. मग पुन्हा.

"काका, तुमाले तवापासून मालूम होतं?"

नंदकिशोरने मान खाली घातली.

"याडी आलती, तवा तुमी तिथंच होते. पेपर वाचून राह्यलते."

"हो."

तिने मोबाईल त्याच्या हातात परत दिला. "जा काका. ऊन होईन."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती वणीच्या शेडमध्ये उभी होती. आठ महिन्यांचं मूल तिने सासूजवळ ठेवलं होतं. मिताली आणि बाकीच्या मुली काठ्या घेऊन वाकत होत्या. सुचित्राने तिला पाहिलं आणि तिच्यामागे ओसरीवर नंदकिशोरचा चेहरा पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

"वजन लावा," संगीता म्हणाली. "एकशे पंचेचाळीस."

"संगीता, बस आधी."

"बसाले नाई आली."

तिने स्वतःच वजनं चढवायला सुरुवात केली. ती वाकली, चकती उचलली, पुन्हा वाकली, आणि सुचित्राने बघितलं. वीस वर्षं ती हेच बघत आली होती. पोट सुटलं होतं, बाळंतपणाने मधली पकड सैल झाली होती. दोन वर्षं मांड्यांना कामच नव्हतं. खाली जाताना ढुंगण मागे जात नव्हतं, कंबर पुढे येत होती. शंभरला कदाचित चाललं असतं. एकशे पंचेचाळीसला नाही.

"थांब," सुचित्रा म्हणाली. "ऐक माझं. तुझी कंबर आता कच्ची आहे."

संगीता हसली. ते हसू बघून मितालीने काठी खाली ठेवली.

"आता खरंच सांगते आहे," सुचित्राचा आवाज फाटला. "तेव्हा नव्हती. तेव्हा मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर सांगते, मी खोटं बोलले. तेव्हा तू दीडशे उचललं असतंस. पण आता नको. सहा महिने दे मला. तीन महिने दे. मी तुझ्याकडून करून घेते."

"तुमी चार साल हेच सांगतलं, मॅडम."

"पाया पडते तुझ्या."

"सरका बाजूले."

सुचित्रा बारवर पाय ठेवून उभी राहू शकली असती. मुलींना सांगून वजनं काढता आली असती. ती बाजूला सरकली. का सरकली, हे तिने स्वतःलाही कधी नीट सांगितलं नाही. आपल्याला हक्कच उरला नाही म्हणून सरकलो, असं ती धरून चालली. पण मनाच्या तळाशी तिला ठाऊक होतं की तिला बघायचं होतं.

संगीताने बार धरला. दम घेतला. बार जमिनीवरून सुटला, नडगीवरून वर सरकला. ताकद होती, राग होता. बार गुडघ्यांशी आला आणि तिथे अडला. संगीताने सोडायला हवा होता. तिने सोडला नाही. तिची पाठ हळूहळू वळली, धनुष्य वाकवावं तशी, खालून एकेक मणका, आणि सुचित्राला तो आवाज आला. बाकी कोणाला आला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी तो तिला आतून आला होता.

बार आदळला. संगीता तशीच वाकलेली राहिली, हात गुडघ्यांवर. ओरडली नाही. मग म्हणाली, "मले सरळ होता नाई येऊन राह्यलं."

यवतमाळला दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरांनी मणक्यांमधली गादी सरकल्याचं सांगितलं. डाव्या पायात पोटरीपर्यंत बधिरपणा आला होता. शस्त्रक्रियेवाचून निभावलं, पण तीन महिने पडून काढावे लागले. मूल कडेवर घ्यायचं नाही, पाण्याची घागर नाही, निंदण-वेचणी नाही. सुनील चांगला माणूस होता, त्याने बोल लावला नाही; त्याच्या आईने लावला. तांड्यावरच्या घरात काम न करणारी सून किती दिवस खपते? जमनाबाई येऊन तिला माहेरी घेऊन गेली आणि दिवाळीनंतर परत सोडून आली.

सुचित्रा त्या पावसाळ्यात मारेगावला एकदा गेली. जमनाबाईने तिला ओळखलं आणि ती उठून गोठ्याकडे गेली. संगीता खाटेवर कुशीला पडली होती. दुसऱ्या खाटेवरून मूल तिच्याकडे यायला धडपडत होतं, आणि ती त्याला हाताच्या बोटांनीच खेळवत होती.

सुचित्राने पिशवीतून एक कागद काढला. त्यावर तिने पडल्यापडल्या करायच्या हालचाली लिहून आणल्या होत्या, चित्रांसकट. "हे हळूहळू सुरू कर. मी दर आठवड्याला येत जाईन. मांडीमागच्या शिरांपासून..."

"तुमची कंबर अजून दुखते का, मॅडम?" संगीताने मधेच विचारलं.

"दुखते."

"रोज?"

"रोज. थंडीत जास्त."

"म्हंजे माही बी दुखन. सत्तर वर्साची होईन तवरी."

सुचित्रा इथे खोटं बोलू शकली असती, आणि या वेळी ते खोटं दयेचं ठरलं असतं.

"हो," ती म्हणाली. "दुखेल."

संगीताने मान हलवली. कागद तिने घेतला नाही; तो खाटेच्या पायाशी पडला आणि मुलाने तो ओढून तोंडात घातला. "साडेतीनची गाडी हाय तुमाले," ती म्हणाली. "त्यानंतर गाडी नाई."

सुचित्रा साडेतीनच्या गाडीने परत आली.

शेड तिने बंद केली नाही. पंधरा दिवस मुली आल्या नाहीत, मग येऊ लागल्या. वणीत दुसरं शिकवणारं होतंच कोण. ट्रक ड्रायव्हर आले, बाळंतिणी आल्या. त्या दिवशी शेडमध्ये ती जे बोलली होती ते मुलींनी ऐकलं होतं, पण मुलींना विसरायला वेळ लागत नाही आणि नव्या आल्या त्यांना माहीतच नव्हतं. डिसेंबरात एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, ती तांड्यावरची पोरगी, तिची कंबर कशी मोडली हो?"

मिताली बाजूलाच होती. तिने सुचित्राकडे पाहिलं.

"ऐकलं नाही," सुचित्रा म्हणाली. "मी थांब म्हणत होते. सगळ्यांसमोर पाया पडते म्हटलं. ऐकलं नाही. म्हणून सांगते, काठी सोडायची नाही." तिचा आवाज शांत होता. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मिताली खाली वाकून काठी सावरू लागली.

ओसरीवर नंदकिशोरने ते ऐकलं. त्याने चपला घातल्या आणि फाटक उघडून तो चालू लागला. निर्गुडा नदीच्या पुलापर्यंत गेला, तिथे कठड्याला टेकून कोळशाचे ट्रक मोजत उभा राहिला. बराच वेळ गेला. मग भूक लागली, आणि जायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती, म्हणून तो परत आला. सुचित्राने वरण-भात वाढून ठेवला होता. त्याने हात धुतले आणि पाटावर बसला.

"लिंबू देऊ?" तिने विचारलं.

"दे," तो म्हणाला.